ठोका नसलेला पाय

माझा डावा पाय पहिल्यांदा अडला तो मंगळवार पेठेत, भर बाजारात. खांद्यावर बांगड्यांचं गाठोडं, डोक्यावर ऊन, आणि पोटरीत कुणी ओलं फडकं पिळावं तशी कळ. मी थांबले. जरा वेळानं कळ अशी गेली की जणू आलीच नव्हती. पुन्हा निघाले, तर पुढच्या वळणावर पुन्हा तीच.

आम्ही कासार. सोलापुरात बाळीवेशीजवळ आमचं बांगड्यांचं छोटं दुकान होतं. तिथं माझे यजमान बसायचे आणि मी घरोघर फिरायचे. पेठा तर होत्याच, शिवाय एस.टी.नं टेंभुर्णीकडं, करमाळ्याकडं बाजारच्या गावीही जायचे. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. दुष्काळात अडलेली लग्नं एकदम निघाली होती आणि जिथं तिथं नवरीला चुडा भरायला कासारीण हवी होती. अशा हंगामात पाय दुखतो म्हणून घरी बसायचं, म्हणजे वाफशावर, पेरणीला आलेलं रान टाकून झोपायचं.

मग मी थांबायला निमित्तं शोधायला लागले. कळ आली की जो ओटा दिसेल त्यावर गाठोडं सोडायचं आणि बांगड्या नीट लावल्यासारखं करायचं. बायका बाहेर यायच्या, "बघू गं, काय हाय नवीन," म्हणत हात पुढं करायच्या. गंमत अशी की त्या दिवसांत माझी विक्री वाढली. यजमान म्हणाले, "आता कुटं तुला दम धरून इकाय जमाय लागलं."

मी हसले. पाय मात्र हसण्यावारी न्यायचा राहिला नव्हता. थंडी पडली तशी डाव्या पायाची बोटं गार पडायला लागली. उजव्या पायाला लावली की दचकायला व्हायचं, दुसऱ्याच कुणाचा पाय अंथरुणात आहे असं वाटायचं. एका डॉक्टरांनी वात म्हणून इंजेक्शनं दिली. गुण आला नाही.

वीट

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा परकर सोडून नुकती साडीत आलेली पोर होते. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी मला परसात शेजारी बसवून माझ्या तळहातावर त्यांच्या डबीतली मिश्री दिली. भाजून वाटलेला तो काळा तंबाखू दातांना लावत आम्ही दोघी रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी बसायचो. घरातल्या ज्या गोष्टी दिवसभर बोलता येत नाहीत, त्या तेव्हा बोलायचो. सणासुदीला मी माहेरी जायचे, पण माझं खरं माहेर म्हणजे ते परसातलं बसणं.

पाय गार पडतो हे ऐकल्यावर आत्याबाईंनी वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, माझा पाय मांडीवर घेतला आणि शेक दिला. कितीतरी वेळ देत बसल्या. माझ्या पायाला वीट किती तापली आहे ते कळतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला. फोड फुटला, त्याची जखम झाली आणि ती काही भरेना. बोट सुजून जोडवं आत रुतलं, ते सोनाराकडून कातरून काढावं लागलं. बोटाचं टोक आधी जांभळं झालं, मग काळं पडलं. पाय खाटेखाली लोंबता सोडला तरच डोळ्याला डोळा लागायचा. शेवटी यजमानांनी दुकान बंद केलं, टांगा बोलावला आणि आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात गेलो.

निदान

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी माझा पाय हातात घेतला. पावलावर, घोट्यामागं, गुडघ्यामागं बोटं ठेवून ते कितीतरी वेळ गप्प उभे राहिले. भिंतीला कान लावून पलीकडचं ऐकावं तसे. मग तसंच उजव्या पायाचं.

"उजव्याला नाडीचा ठोका लागतो. डाव्याला लागत नाही," ते म्हणाले. "बाई, बिडी ओढता?"

यजमान हसलेच. "अवो डाक्टर, बाईमानूस हाय ती!"

"तंबाखू खाता?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मिश्री?"

मी मानेनंच हो म्हटलं. तेवढ्यात दाराशी उभ्या आत्याबाई म्हणाल्या, "तिला काय इचारता? म्या लावली तिला सवय."

डॉक्टर रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि नीट सांगितलं. तंबाखूनं काही माणसांच्या पायांतल्या रक्तवाहिन्या सुजतात आणि आतून बंद होत जातात. बिडी ओढणाऱ्या पुरुषांत हा आजार ते नेहमी बघत, बाईत क्वचितच. म्हणूनच आधी कुणाच्या ध्यानात आलं नसेल. "मिश्री बंद. उद्यापासून नाही, आत्तापासून. सुटली नाही तर आधी हे बोट जाईल, मग पाऊल, मग इथवर," असं म्हणत त्यांनी स्वतःच्या पँटवर गुडघ्याखाली तळहाताची कड आडवी टेकवली.

ती आडवी कड मी आजही विसरले नाही. माझ्या मनात भलताच विचार आला. बांगड्या भरायला हात लागतात हे खरं, पण लोकांच्या दारापर्यंत पायच नेतात. पाय गेला तर माझ्या हातांनी काय करायचं?

वॉर्ड

वॉर्डातला दिवस गिरणीच्या भोंग्यानं सुरू व्हायचा. मग फिनेलचा वास, मग चहाची किटली, मग करकरत येणारी ड्रेसिंगची गाडी. गाडी आमच्या ओळीत वळली की मी खाटेची दांडी धरून ठेवायचे. सिस्टर बोटावरची पट्टी सोडायची आणि मी छताकडं बघत बसायचे. बोटाकडं मी बघितलंच नाही. यजमान बघायचे आणि मी यजमानांच्या तोंडाकडं बघायचे.

पण खरं सांगायचं तर ड्रेसिंगपेक्षा सकाळ जड जायची. भोंगा झाला की वॉर्डातल्या निम्म्या बायका उठून मिश्री लावायच्या. तो वास आला की माझं बोट आपोआप दातांकडं जायचं. डोकं ठणकायचं, चहा नकोसा व्हायचा, पाणी देणाऱ्या मावशीशीही मी उगीच भांडायचे. शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडची गुरव्वा होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची. पहिल्या सकाळी तिनं आपुलकीनं स्वतःची डबी माझ्यापुढं धरली. माझं काय झालंय ते मी सांगितलं तेव्हा तिनं डबी झटकन पदराखाली घेतली. "ब्याड अक्का, ब्याड!" असं तिच्या कानडीत नको, नको म्हणाली आणि माझ्या हातावर दोन लवंगा ठेवल्या. त्यानंतर तीही मिश्री लावायला पार व्हरांड्याच्या टोकाला जायची. ओळख ना पाळख, पण रोज सकाळी माझ्यासाठी ती पोटाचे टाके धरून तेवढं चालायची.

आत्याबाई दिवसभर माझ्या खाटेखाली सतरंजी टाकून बसायच्या. जेवत नव्हत्या, बोलत नव्हत्या. एकदा भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाल्या, "तंबाकू म्या दिला, इटंचा शेक म्या दिला. माज्या सुनंचा पाय म्याच खाल्ला गं."

मी त्यांना वर बसवलं. म्हणाले, "आत्याबाई, माझा पाय मांडीवर घेनारं दुसरं कोन होतं, सांगा बरं?"

त्या खूप रडल्या. मग ती भाकरी आम्ही दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली, शेंगाच्या चटणीशी. मिश्री त्यांची सुटली नाही. एवढ्या वर्षांची सवय, सुटणार कशी? पण माझ्यासमोर त्यांनी ती पुन्हा कधीच लावली नाही.

मग ऑपरेशन झालं. कमरेपाशी कापून आतली एक नस, रक्ताची नव्हे, मज्जातंतूची, तोडली, म्हणजे पायाच्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात म्हणे. त्याच वेळी ते काळं बोटही काढलं. शुद्धीवर आल्यावर मी आधी पांघरुणात हात घातला. पाय कोमट होता. किती महिन्यांनी माझा पाय मला माझा वाटला.

रडू आलं ते नंतर, बोटाची रिकामी जागा पहिल्यांदा बघितल्यावर. ते जोडव्याचं बोट होतं. मी लोकांच्या लेकीसुनांना सौभाग्याचा चुडा भरणारी, आणि माझ्याच पायात जोडव्याला जागा नाही. भेटायला आलेल्या एक-दोघींनी तोंडाला पदर लावून हळहळून घेतलंही. यजमानांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते कातरलेलं जोडवं सोनाराकडून सांधून घेऊन आले आणि म्हणाले, "फुडच्या बोटात घाल. देव काय बोटं मोजत बसतोय व्हय?"

घरी बसा

जखम भरली तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "पाय वाचला. पण आता फिरतीचं काम विसरा. घरी बसा, दुकानात बसा."

मला वाटलं होतं की पाय वाचला म्हणजे चालणं वाचलं. तसं नव्हतं. घरातून आडापर्यंत गेले तरी पोटरी पिळून निघायची.

मी आजारी पडल्यापासून माझी मुलगी मंगल शाळा सोडून घर बघत होती. ती नववीत होती, आणि हुशार. तिच्यासाठी नातेपुत्याचं एक स्थळ येऊन राहिलं होतं. नातलगांचं एकच म्हणणं: आईचं काही बरंवाईट व्हायच्या आत पोरगी उजवून टाका. यजमान 'हो'ही म्हणत नव्हते, 'नाही'ही म्हणत नव्हते. मंगल भांडी घासताना पुस्तक चुलीच्या कट्ट्यावर उघडं ठेवायची. ते बघून मला पायापेक्षा जास्त दुखायचं.

अशात पाय दाखवायला दवाखान्यात गेले असताना कलशेट्टीबाई भेटल्या. या आमच्याच सोलापूरच्या. मुंबईला व्यायामोपचार शिकून नव्यानंच दवाखान्यात लागल्या होत्या. वय पंचविशीच्या आतलं, चष्मा, वेणीला रिबन. सामानाची एक जुनी खोली त्यांना दिली होती. तिथं धरून चालायचे दोन दांडे, एक लाकडी पायरी आणि एक बाक, एवढाच संसार. माझ्या केसपेपरवरचं नाव वाचून म्हणाल्या, "सुमनबाई, तुम्ही किती चालू शकता?"

"चालूच शकत नाही."

"ते नाही विचारलं. किती, ते विचारलं."

पहिली परीक्षा

परीक्षा व्हरांड्यात झाली. दोन टोकांना दोन स्टुलं ठेवली. बाई मधे बाकावर बसल्या आणि लाकडी पट्टीनं बाकावर ठोके द्यायला लागल्या. टक, टक, टक. त्या ठोक्यावर पाऊल टाकायचं. घाई करायची नाही, रेंगाळायचं नाही. एका स्टुलाला वळसा, मग दुसऱ्याला.

"कळ आली की नुसतं 'आलं' म्हणा, पण थांबू नका. अगदीच निभेना, तेव्हा थांबा."

मी दुसऱ्या स्टुलापर्यंतही पोचले नाही. "आलं" म्हणाले आणि थांबलेच. पाय दुखला की थांबायचं, हे इतके महिने सगळ्यांनी सांगितलं होतं. बाईंनी भिंतीवर खडूनं रेघ मारली.

"आलं कुठं ते कळलं. थांबायचं कुठं ते तुम्ही दाखवलंच नाही. जरा बसा, पुन्हा करू."

"बाई, दुखतंय की हो!"

त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, माझं पाऊल हातात घेऊन त्याचा रंग बघत म्हणाल्या, "मोठा रस्ता बंद झालाय, तो उघडणार नाही. पण पोटरीत बारीक बोळ आहेत. पोटरी ओरडली की रक्त त्या बोळांतून वाट काढतं. तुम्ही लगेच थांबलात तर बोळ कशाला रुंद होतील? दुखेपर्यंत चालायचं, दुखलं तरी थोडं चालायचं, मग थांबायचं. कळ गेली की पुन्हा. रोज."

बोळांतून वाट काढणं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सगळा जन्म त्यातच गेला होता. मी उठले. दुसऱ्या खेपेला "आलं" म्हटलं आणि दात दाबून स्टुलाला वळसा घालून आले. पुढं भिंतीला टेकून उभी राहिले. तिथं दुसरी रेघ पडली. दोन रेघांत एवढंसंच अंतर होतं. बाई म्हणाल्या, "एवढं तुमचं स्वतःचं. आता हे वाढवायचं."

"पण मग दर वेळी ठोके कशाला?"

"वेग तोच, जागा तीच ठेवली की बदललं कोण, ते कळतं."

तळ्याच्या काठानं

घरी आल्यावर मी यजमानांना सांगितलं, "नातेपुत्याच्या लोकांना जरा थांबवा. मी चालायला लागले तर मंगल शाळेत जाईल. नाही लागले तर तुम्हाला काय वाटंल ते करा." ते "बरं" म्हणाले. चालण्यावर त्यांचा भरवसा नव्हता, हे मला दिसत होतं.

सकाळी उठून आधी खाटेवरचा व्यायाम. पाय भिंतीला वर टेकवायचा, पांढरा पडेपर्यंत. मग खाली सोडायचा, लाल होईपर्यंत. मग आडवा ठेवायचा. त्यानंतर सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठानं चालणं. पायाला ठेच लागता कामा नये म्हणून बाईंनी मला कॅनव्हासचे बूट घ्यायला लावले होते. नऊवारी साडी, कपाळाला कुंकू आणि पायात पांढरे बूट! देवळाला येणाऱ्या बायका वळून वळून बघायच्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई गं, पल्टनीत भरती झालीस का काय?"

"व्हय, झाले की," मी म्हणाले आणि चालत राहिले.

एकदा यजमान मागून आले. मी कळ सोसून चालत होते, तोंड वाकडं झालं होतं, डोळ्यांत पाणी. ते तिथून तडक दवाखान्यात गेले, मी त्यांच्यामागं. बाईंच्या खोलीत उभ्या उभ्याच बोलले, "बाई, तुमी शिकलेल्या. पन डाक्टर म्हनले बसून ऱ्हा, तुमी म्हनता दुकलं तरी चाल. मानसानं ऐकायचं कुनाचं? मारता का काय तिला?"

बाईंचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "जखम होती तोवर विश्रांतीच बरोबर होती. आता जखम भरलीय. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलंय मी. त्यांनाही खात्री नाही, पण त्यांनी नको म्हटलेलं नाही."

"आनि चालता चालता पडली म्हंजी?"

"मग तुम्ही बरोबर चाला की."

आमच्यात नवरा पुढं आणि बायको मागं, अशीच चाल. शेजारी शेजारी आम्ही लग्नातल्या सप्तपदीनंतर चाललोच नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान टोपी घालून तयार होते. आधी सवयीनं भराभरा पुढं जायचे आणि मागं वळून बघितलं की मी लांब कुठंतरी उभी. मग परत यायचे. हळूहळू त्यांना माझी चाल कळायला लागली. मी थांबले की तेही थांबायचे, तळ्यातल्या बगळ्यांकडं बघितल्यासारखं करायचे. बोलायला काहीच नसायचं तेव्हा बांगड्यांचं बोलायचो. कोणता रंग चालतो, कोणत्या पेठेत काय खपतं. इतक्या वर्षांत मी काय काय बघते, कुणाशी काय बोलते, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. एकदा म्हणाले, "तुला धंदा माज्यापेक्षा जास्त कळतोय की गं."

सगळंच सरळ झालं नाही. पुन्हा थंडी आली तसा पाय हटूनच बसला. रोज त्याच पिंपळापाशी कळ, रोज त्याच पायरीवर बसणं. मिश्रीची आठवण पुन्हा उसळली. वाटायचं, बोट गेलंच आहे, चालणंही गेलंय, मग हा छळ कशाला? बूट काढून मी कोनाड्यात टाकले आणि चालायला गेले नाही. तेव्हा आत्याबाईंनी काय केलं असेल? कोनाड्यातून बूट काढले, ओल्या फडक्यानं पुसले, आणि माझ्यापुढं बसून माझ्या पायात घालायला लागल्या. सासू सुनेच्या पायाला हात लावतेय! मी घाईनं पाय मागं घेतला, स्वतःच घातले आणि निघाले.

संक्रांतीच्या आसपास कधीतरी यजमान एकदम थांबले. म्हणाले, "अगं, पिंपळ मागं ऱ्हायला."

मी वळून बघितलं. खरंच मागं राहिला होता.

शेवटची परीक्षा

शाळा सुरू व्हायच्या आधी बाईंनी पुन्हा व्हरांड्यात स्टुलं मांडली. मधेही परीक्षा झाल्या होत्या, भिंतीवर रेघा पुढं पुढं सरकल्या होत्या. पण या वेळी त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं होतं. डॉक्टर हात मागं बांधून खांबाशी उभे राहिले. यजमान, आत्याबाई, मंगल, शिवाय वॉर्डातले पेशंटही दारात गोळा झाले होते.

टक, टक, टक.

पहिली रेघ गेली, तेव्हा मला ती गेल्याचं कळलंही नाही. दुसरी गेली. स्टूल, वळसा, स्टूल, वळसा. व्हरांड्याच्या किती खेपा झाल्या ते मी मोजलं नाही. पदर घामानं पाठीला चिकटला होता. मग पोटरीत तो ओळखीचा पीळ बसला.

"आलं," मी म्हणाले.

ठोके चालूच राहिले आणि मीही. कळ वाढेल म्हणून मी वाट बघत होते. ती वाढेना. आहे तिथंच राहिली. आणखी दोन वळसे घातले आणि मला जे जाणवलं ते खरं वाटेना. मी ओरडलेच, "बाई, कमी झालं! चालता चालता कमी झालं!"

बाईंची पट्टी हवेतच थांबली. मग भानावर येऊन त्यांनी पुन्हा ठोका धरला. मी चालतच राहिले. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "बाई, आता थांबा. मला पुढं पेशंट बघायचेत."

सगळे हसले. मला बाकावर बसवून त्यांनी पहिल्या दिवसासारखीच पावलावर बोटं ठेवली. बराच वेळ. "ठोका अजूनही लागत नाही," ते म्हणाले. ते मान वर करून पुढं म्हणाले, "आणि तरी पाय चालतोय. सुमनबाई, मी तुम्हाला घरी बसा म्हणालो होतो. ते मी मागं घेतो."

आत्याबाईंनी तिथंच, दवाखान्याच्या व्हरांड्यात, कलशेट्टीबाईंच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. यजमान मंगलकडं बघत म्हणाले, "नातेपुत्याला सांगून टाकतो. पोरगी शिकतीया म्हनावं." जूनमध्ये मंगल शाळेत गेली.

ज्यांचा पाय दुखतो त्यांच्यासाठी

बाई मला अधूनमधून वॉर्डात बोलावतात. बिडी ओढून पाय गमावायची पाळी आलेले गिरणीतले गडी असतात. बाईमाणसाचं काय ऐकायचं म्हणून तोंड फिरवतात. मी वाद घालत नाही. बूट काढून माझं पाऊल दाखवते आणि म्हणते, "चला, माझ्याबरोबर त्या टोकापर्यंत." लाजेनं का होईना, उठतात. मी लिहिते आहे तेही तेवढ्यासाठीच. तंबाखू टाका. तो सुटला नाही तर बाकी सगळं फुकट. जखम असेल तर डॉक्टर सांगतील तोवर गप्प पडून राहा. पायाला शेक देऊ नका. आणि चाला म्हटलं की चाला. कळ आली म्हणजे पाय मेला असं नाही. आणि एकट्यानं चालू नका. कुणीतरी बरोबर घ्या.

फाटा

पुढच्या लग्नसराईत टेंभुर्णीच्या अलीकडच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. नवरीला आणि घरच्या सगळ्या बायकांना बांगड्या भरायच्या होत्या. एस.टी. फाट्यावर सोडते, तिथून गाव चांगलं आत. यजमान म्हणाले, "मी येतो." मी म्हणाले, "दुकान कोन बघंल? मी जाऊन येते."

फाट्यावर उतरले, गाठोडं खांद्याला लावलं आणि निघाले. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून मोकळी झालेली रानं. एका बाभळीपाशी कळ आली. मी उभी राहिले. या वेळी बांगड्या लावल्याचं नाटक केलं नाही, नुसती उभी राहिले. कळ गेली तशी निघाले. ओढ्यापाशी पुन्हा आली, पुन्हा उभी राहिले. उन्हं डोक्यावर यायच्या आत मी लग्नघरी होते. दुपारभर बांगड्या भरल्या. हिरव्या काचांनी सगळा मांडव किणकिणत होता.

निघताना नवरीचे वडील म्हणाले, "कासारीणबाई, पावन्यास्नी फाट्यावर सोडाय गाडी निघालीया. बसा तुमीबी."

"नको. मी चालत जाते."

"अवो, लई लांब हाय!"

"म्हाईत हाय की. तसंच आले सकाळी."

गाडी पुढं गेली. मी तिच्या धुळीमागून माझ्या चालीनं निघाले. यजमानांना सोलापुरात राहवलं नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. दुपारच्या एस.टी.नं ते फाट्यावर येऊन बसले होते. त्यांनी नंतर सांगितलं: गाडी आली तसे ते उठले, आत डोकावले, त्यात मी नाही. गाडीवानाला विचारलं, "कासारीण कुटं हाय?"

गाडीवानानं चाबकानं मागचा रस्ता दाखवला.

मी ओढ्याचा चढ चढून वर आले तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. मला वाटलं, आता धावत येतील, गाठोडं घेतील. पण ते जागचे हलले नाहीत. टोपी काढून हातात घेतली, आणि मी त्यांच्यापर्यंत येईतो तशीच धरून उभे राहिले.